गावातील मुलांसाठी संगीत आणि खेळ : स्पर्धेच्या आधी रोजचा तास बसवा

आपल्या युवा मंडळाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातील आपल्या गावातून निम्म्याहून अधिक कुटुंबे ऊसतोडीला जातात. मंडळ दरवर्षी जानेवारीत कबड्डीची स्पर्धा आणि गायनाचा कार्यक्रम घेते, लोकवर्गणी चांगली जमते, चार दिवस गाव गजबजते आणि त्यानंतर वर्षभर मुलांच्या हाती मोबाइल आणि रिकामी संध्याकाळ एवढेच उरते. आता मंडळाला वर्षभर चालणारे काम करायचे आहे, आणि म्हणून खेळ निवडावा की संगीत, खर्च किती करावा, मुली येतील का, ऊसतोडीच्या महिन्यांत काय करावे, असे आपण विचारले आहे. क्रीडाशिक्षक म्हणून आणि पुढे बीड-परभणी भागातील अशा गटांसोबत काम करताना जे पाहिले आणि केले, त्याच्या आधारे उत्तर देतो.

माझे मुख्य म्हणणे असे की स्पर्धा बंद करू नका, परंतु तिच्या आधी रोजचा एक तास बसवा. ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि जो येईल त्याला त्या दिवशी खेळायला आणि गायला मिळेल हा शब्द, एवढ्यावर हे काम उभे राहते. स्पर्धेत निवड करावीच लागते. कबड्डीत मैदानावर 7 खेळाडू उतरतात आणि गावातील उरलेली सगळी मुले दोरीच्या बाहेर उभी राहून टाळ्या वाजवतात. गायनाच्या कार्यक्रमातही तेच होते, कारण ज्याच्या घरी पेटी आहे किंवा ज्याचे वडील भजनात गातात त्यालाच माइक मिळतो. ज्या मुलाला या कामाची सर्वाधिक गरज असते, म्हणजे जो अभ्यासात मागे आहे, ज्याचे आईवडील सहा महिने बाहेर आहेत, जो बोलताना अडखळतो, तो निवडीत कधीच पुढे येत नाही. रोजच्या तासात मात्र त्यालाही पाळी मिळते, आणि पाळी मिळाली की तो दुसऱ्या दिवशी स्वतःहून येतो.

खेळ की संगीत, हा प्रश्न आपल्या भागात तरी पडण्याचे कारण नाही. लेझीम हा व्यायाम आहे आणि ताल शिकण्याची पहिली शाळाही आहे. जत्रेतल्या कुस्त्यांचा फड हलगीशिवाय रंगत नाही. दिंडीतल्या पावल्या खेळणारा टाळकरी जितका गातो तितकाच घाम गाळतो. म्हणून एकाच गटाचे दोन भाग न करता तासाचे दोन भाग करावेत, असे मी सुचवतो. पहिली पस्तीस-चाळीस मिनिटे खेळ, त्यानंतर पाणी पिऊन उरलेला वेळ शाळेच्या ओसरीत बसून किंवा मैदानातच उभे राहून गाणे आणि वाद्य. यात एक फायदा असा की पळण्यात मागे पडणारा मुलगा तालात पुढे असतो, गाण्यात लाजणारी मुलगी खो-खोत चपळ निघते, आणि कोणावरही कच्चा असल्याचा शिक्का कायमचा बसत नाही. दोन वेगळे वर्ग चालवले, तर काही दिवसांतच खेळणारे आणि गाणारे अशी दोन टोळकी तयार होतात, आणि बहुधा मुली एका बाजूला व मुले दुसऱ्या बाजूला जातात.

सुरुवात लेझीम आणि खो-खो यांनी करावी. बहुतेक जिल्हा परिषद शाळांत लेझमांचा जुना संच पेटीत पडून असतो. मुख्याध्यापकांना लेखी पत्र देऊन तो मागून घ्यावा आणि सैल झालेल्या साखळ्या व चकत्या गावातच दुरुस्त करून घ्याव्यात. पहिले काही दिवस हातात लेझीम देऊच नये. आधी चार अंकांवर पाय, मग टाळी, मग पाय आणि टाळी एकत्र, असे करत करत आठ अंकांपर्यंत यावे. पावले पक्की झाल्यावर लेझीम हातात आली की आवाज एकदम एकसाथ येतो, आणि तो आवाज ऐकून मुलांना जो आनंद होतो त्यापुढे कोणतेही भाषण फिके आहे.

हलगीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या कामाचा खरा कस तिथे लागतो. गावोगावी हलगी वाजवणारी माणसे बहुतांशी मातंग समाजाची आहेत. लग्नात, जत्रेत, मिरवणुकीत त्यांच्यावाचून चालत नाही, परंतु वाजवून झाले की त्यांना पंगतीच्या कडेला बसवण्याची रीत अनेक ठिकाणी आजही पूर्ण गेलेली नाही. आपण त्यांना लेझमीच्या साथीला बोलावणार असाल, तर वाजंत्री म्हणून बोलावू नका, शिक्षक म्हणून बोलवा. मुलांनी त्यांना गुरुजी किंवा वस्ताद म्हणावे, त्यांची बैठक इतरांच्या बरोबरीने असावी, आणि मंडळाकडे पैसे कमी असले तरी पहिले मानधन त्यांचे निघावे. त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ असते. पावसाळी हवेत हलगीचे कातडे सैल पडते, तेव्हा ते पाचट किंवा काडीकचरा पेटवून त्याच्या झळीवर अंतराने फिरवतात, मध्येच बोटाने टिचकी मारून आवाज पारखतात आणि नाद खणखणीत झाला की क्षणात बाजूला घेतात. किती शेकायचे हे कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. ते त्यांच्या कानाला माहीत असते. सगळ्या वस्त्यांमधील मुले भोवती कोंडाळे करून हे पाहतात, मग एका हातात बारीक काडी आणि दुसऱ्या हातात जाड काठी धरून त्यांच्याकडून पहिला ठेका शिकतात, तेव्हा समतेवरच्या व्याख्यानाने होत नाही ते काम होते. एखाद्या पालकाने यावर नाराजी दाखवली तर त्यांच्या घरी जाऊन शांतपणे बोलावे, परंतु हलगी शिकवणारा माणूस बदलू नये.

गाण्यांच्या निवडीतही हीच दृष्टी ठेवावी. नामदेवांचे नरसी, जनाबाईंचे गंगाखेड, एकनाथांचे पैठण, गोरोबांचे तेर ही सगळी गावे मराठवाड्यातली, त्यामुळे अभंग आणि भारूड मुलांच्या कानावर आधीच असते आणि त्याचा उपयोग जरूर करावा. परंतु आपल्या गावात भीमगीते गाणारी घरे असतील, बंजारा तांड्यावर होळीला लेंगी गीते म्हणणाऱ्या बाया असतील, तुळजापूरच्या वाटेवरची देवीची गाणी म्हणणारी आराधी मंडळी आणि संबळ वाजवणारे गोंधळी असतील, मुस्लिम मोहल्ल्यात नात (पैगंबरांची स्तुतिगीते) आणि कव्वाली गाणारा एखादा तरुण असेल. प्रत्येक वस्तीचे किमान एक गाणे सगळ्यांनी मिळून बसवावे. याच कारणाने तासाची जागा देवळाचा सभामंडप नसावी, शाळेचे आवार असावे. तिथे यायला कोणालाही संकोच वाटत नाही.

गावात भजनी मंडळ असेल तर पहिल्या वर्षी पेटी विकत घेऊ नका. त्यांची पेटी आणि मृदंग आठवड्यातून दोन दिवस मिळतो का ते विचारा, आणि मृदंग वाजवणाऱ्या बुवांनाही बोलवा. मृदंगाच्या धूम म्हणजे खर्जाच्या बाजूला ओली कणीक लावतात आणि वाजवून झाल्यावर ती काढून पान पुसून ठेवतात, ही शिस्त लहान मुलांना फार आवडते आणि वाद्याची निगा हा शिकण्याचाच भाग आहे हे त्यांना त्यातून समजते. एक काळजी मात्र घ्यावी. भजनात मोठी माणसे उंच पट्टीत गातात आणि मुले त्यांच्या मागे ताणून ओरडतात. मुलांना त्यांच्या आवाजाला मानवेल अशी पट्टी द्यावी. मुलींना आणि लहान मुलांना साधारण पेटीची काळी चार ही पट्टी सोयीची पडते. ज्या मुलांचा आवाज फुटू लागला आहे त्यांना त्या पट्टीत ओढू नये. त्यांना खालच्या पट्टीत हळू गाऊ द्यावे किंवा काही महिने टाळ-हलगीकडे वळवावे. या वयात आवाज फाटला म्हणून हसण्यावारी नेलेला मुलगा पुढे आयुष्यभर गात नाही.

आता मैदान. खो-खो सुचवण्याचे कारण असे की त्याला साहित्य लागत नाही, 9 जणांच्या दोन बाजू एका सामन्यात खेळतात आणि मुलींना हा खेळ घरचा वाटतो. आपल्या शेजारच्या धाराशिवने या खेळात मोठे नाव मिळवले आहे. तिथल्या सारिका काळे यांना 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. पूर्ण मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद असते, परंतु लहान मुलांसाठी त्याहून लहान आखले तरी चालते. अडचण जागेपेक्षा मातीची असते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाय ओढून धरते. भेगेत पाऊल अडकले की घोटा मुरगळतो, आणि वाळलेल्या ढेकळांवर गुडघे फुटतात. म्हणून पावसाळा संपताना, जमिनीत थोडी ओल असताना, वरचा थर सपाट करून घ्यावा, भेगा बारीक मातीने भराव्यात, त्यावर चाळलेल्या बारीक मुरमाचा थर द्यावा, पाणी शिंपडावे आणि रोलर फिरवावा. रोलर ग्रामपंचायतीकडे किंवा रस्त्याचे काम करणाऱ्या ठेकेदाराकडे एका दिवसासाठी मिळू शकतो. मुरूम चाळल्याशिवाय टाकू नये, कारण त्यातले खडे अनवाणी पायांना लागतात आणि आपली निम्मी मुले अनवाणीच खेळतात. मैदानाला एका बाजूने किंचित उतार ठेवला तर पावसाचे पाणी साचत नाही. खांब जमिनीपासून 120 ते 125 सेंटिमीटर उंचीचे, गुळगुळीत आणि वरून गोलसर तासलेले हवेत. घाईत कोणी बांबू रोवतो, त्याच्या फाटलेल्या कडेने तळहात चिरतात. हे सगळे काम मुलांना आणि पालकांना बरोबर घेऊन करावे. स्वतः मुरूम पसरलेल्या मैदानावर कोणी ट्रॅक्टर घालत नाही आणि कोणी बाटल्याही फोडत नाही.

कबड्डी आपल्याकडे लोकप्रिय आहे, परंतु लहान मुलांना कडक जमिनीवर कबड्डी खेळवू नये. क्रिकेट त्यांचे ते खेळतातच.

मोठ्या तरुणांना या कामात आणण्याचा चांगला मार्ग पोलीस भरतीतून जातो. आपल्या भागात पहाटे रस्त्यांवर पळणारी भरतीची पोरे प्रत्येक गावात आहेत. मैदानी चाचणी 50 गुणांची असते; मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय दोघांनाही 100 मीटर धावणे आणि गोळाफेक. ही मुले अंधारात, वाहनांच्या रहदारीत पळतात, ते धोक्याचे आहे. त्यांना मैदानाभोवती धावण्याचा मार्ग आखून द्यावा आणि त्याच्या बदल्यात आठवड्यातून दोन संध्याकाळी लहान मुलांना पळण्याचा सराव द्यायला सांगावे. आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. लहानपणी ते शाळेसाठी कित्येक किलोमीटर पायी जात असत. आपल्याच जिल्ह्याचे हे उदाहरण मुलांना सांगावे, पण ते सांगताना प्रत्येकाकडून पदकाची अपेक्षा करू नये.

जवळच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचा उपयोगही बहुतेक मंडळे नीट करून घेत नाहीत. स्वयंसेवकाला दोन वर्षांत 240 तास काम करायचे असते, म्हणजे वर्षाला 120. सात दिवसांच्या शिबिरात गाव झाडून, भिंती रंगवून मुले परत जातात आणि त्यानंतर गावाशी त्यांचा संबंध राहत नाही. तेच 120 तास 40 आठवड्यांत विभागले तर एक स्वयंसेवक आठवड्याला 3 तास येऊ शकतो. कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटून, आपल्याच परिसरातून महाविद्यालयात जाणारे दोन-तीन विद्यार्थी या कामासाठी मागावेत. मुलांना रोज नवा पाहुणा नको असतो, तोच चेहरा हवा असतो.

मुलींबद्दल आपण ‘येतील का’ असे विचारले आहे. येतात, पण त्यासाठी काही गोष्टी आधी ठराव्या लागतात. तास अंधार पडण्यापूर्वी संपला पाहिजे आणि मोठ्या गावाच्या शाळेतून येणाऱ्या मुलींची एसटी पोहोचल्यानंतर सुरू झाला पाहिजे. म्हणजे वेळ एसटीच्या वेळापत्रकावरून ठरवावी. मैदानावर रोज एक तरी प्रौढ स्त्री हवी. बचत गटाच्या ताईंनी पाळ्या लावून हे काम केलेली गावे मी पाहिली आहेत, आणि तिथे मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीला आली. शाळेच्या स्वच्छतागृहाची किल्ली संध्याकाळी कोणाकडे असते, हे पहिल्याच आठवड्यात पक्के करावे. मुली गळण्याचे ते एक मोठे कारण आहे आणि त्या ते कधी बोलून दाखवत नाहीत. खेळताना घालण्याच्या कपड्यांविषयी घरोघरी वाद घालत बसू नये. सलवार-कमीज घालूनही खो-खो उत्तम खेळता येतो, आणि पुढे मुलीच आईकडे ट्रॅक पँट मागतात.

याच ठिकाणी बालविवाहाचा विषय येतो. बीड आणि परभणी हे जिल्हे याबाबतीत राज्यात वरच्या क्रमांकावर आहेत, आणि आईवडील ऊसतोडीला जाण्याच्या आधीच्या दिवसांत वयात आलेल्या मुलीची जबाबदारी उरकण्याची घाई होते. रोजच्या हजेरीचे मोल इथे कळते. शाळेत मुलगी आठवडाभर आली नाही तरी आजारी असेल म्हणून सोडून दिले जाते, परंतु खो-खोच्या रांगेत एक जागा रिकामी राहिली की मैत्रिणी दुसऱ्याच दिवशी सांगतात. अशा वेळी आधी अंगणवाडीताई किंवा मुख्याध्यापकांना सोबत घेऊन घरी जावे. ऐकले नाही तर गावपातळीवर ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात हे लक्षात ठेवावे, आणि 1098 हा बालकांसाठीच्या मदतीचा (चाइल्डलाइन) क्रमांक मुलींनाही पाठ असावा.

ऊसतोडीचे महिने हे काम थांबवण्याचे महिने समजू नका. दसऱ्यानंतर गाड्या निघाल्या की गट अर्ध्यावर येतो, आणि नेमक्या याच काळात आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलांना संध्याकाळ खायला उठते. गट लहान असल्यामुळे या महिन्यांत संगीताला अधिक वेळ द्यावा. वाद्येही वाट्याला जास्त येतात. जी मुले आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर जातात, त्यांच्यापैकी मोठ्यांना एक जबाबदारी सोपवावी: कोपीवरच्या (तोडकऱ्यांच्या झोपड्यांतल्या) इतर मुलांना आपली पाच गाणी आणि टाळीवरची लेझीम शिकवायची. परत आल्यावर त्यांनी तिकडे ऐकलेले एखादे गाणे इथे शिकवावे, म्हणजे ती मुले काही गमावून आली अशी न वाटता काही घेऊन आली असे होते. पाडव्याच्या सुमारास कुटुंबे परततात. त्यांना मागच्या रांगेत बसवू नये, त्यांच्यासाठी सगळ्या गटाने आठवडाभर जुनी गाणी आणि सोपे खेळ पुन्हा घ्यावेत.

तोवर ऊन तापलेले असते. एप्रिल-मेमध्ये तास सकाळी साडेसातच्या आत संपवावा, मीठ-साखर-लिंबाचे पाणी ठेवावे, आणि गावात टँकर सुरू असेल तर मैदानावर पाणी मारू नये.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत दोन नियम कागदावर लिहून सर्व पालकांसमोर वाचावेत. एकटा प्रौढ आणि एकटे मूल असे कधीही, कोणत्याही कारणाने बंद जागेत राहणार नाहीत. आणि शिकवताना कोणीही हात उगारणार नाही, मग तो कितीही जुना वस्ताद असो. मारून ताल बसतो हा समज मला कधीच पटला नाही. मार खाल्लेले मूल चुकू नये म्हणून आवाज चोरते, आणि चोरलेल्या आवाजात ताल काय, सूर काय, काहीच बसत नाही.

खर्चाचे म्हणाल, तर जानेवारीच्या स्पर्धेतील मंच, डीजे, फ्लेक्स आणि मोठ्या ट्रॉफ्या एवढ्यांवर जो पैसा जातो, त्याच्या निम्म्यात वर्षभराचा तास चालतो. त्यात हलगी-मृदंग शिकवणाऱ्यांचे मानधन, मुरूम, दोन-चार दोऱ्या, चुना, प्रथमोपचार पेटी आणि पाण्याचे जार येतात. जमाखर्च दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. संस्थेची नोंदणी पहिल्याच महिन्यात करण्याची घाई नको. वर्षभर तास चालला की कोण टिकणारे आहे ते कळते, आणि मग अशा टिकणाऱ्या सात जणांना घेऊन धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज करावा. आधी पदे वाटली की माणसे पदांसाठी येतात.

दहावीच्या गुणांविषयी पालक हमखास विचारतील. क्रीडा स्पर्धांतील सहभागासाठी आणि शास्त्रीय व लोककलांसाठी सवलतीचे गुण मिळतात, पण प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो, म्हणून नववीतच शाळेकडून नियम व तारखा लेखी मागून घ्या. एखाद्या मुलाची गाण्यात खरी गती दिसली तर त्याला अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला बसवा. तिथून विशारदपर्यंतचा मार्ग मोकळा असतो. मात्र त्यासाठी त्याला वेगळा वेळ द्या. संध्याकाळचा तास त्या परीक्षेच्या तयारीसाठी देऊ नका, कारण तो सगळ्यांचा आहे.

आपल्या जानेवारीच्या स्पर्धेत यंदा एवढाच बदल करून पाहा. उद्घाटनाच्या भाषणांची वेळ कमी करून रोजच्या तासाला येणाऱ्या सर्व मुलामुलींची लेझीम त्या जागी ठेवा, साथीला हलगीचे गुरुजी मंचावर मध्यभागी असू द्या, आणि बक्षिसांत वर्षभराच्या हजेरीचे एक बक्षीस वाढवा. हजेरीची वही मात्र जूनमध्ये, शाळा उघडेल त्याच आठवड्यात घालावी लागेल, आणि ती रोज कोण भरणार त्याचे नाव पुढच्याच बैठकीत ठरवा.